सांडवा

अठ्ठावीस, म्हणाल्या डॉक्टर जिगीषा अमीन,
डावा अठ्ठावीस, उजवा बावीस.
मी विचारलं, इंच की फूट?
कल्याणीने कोपराने ढोसलं.
पण एकतीस वर्षं बडोद्याच्या पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस
आकडा ऐकला की एकक विचारतोच.

आजवा दोनशे बारा फुटांच्या वर सरकला
की आम्हाला झोप नसायची.
छगनभाई टॉर्च लावून पट्टी वाचायचा,
मी वहीत लिहायचो.
एखादा फूट चुकला तर विश्वामित्री रस्त्यावर
आणि कुणाच्या तरी ओट्यावर मगर.
पाणी येतं, पाणी जातं;
जाणं अडलं की सगळं अडलं.
एवढंच आमचं शास्त्र.

डोळ्यातही पाणी असतं, त्या सांगत होत्या,
रडण्याचं नव्हे, आतलं.
रोज नवं येतं, कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं.
तुमचा कोपरा उघडा आहे, काका, जाळीच बुजलीये.
म्हटलं, म्हणजे दार उघडं आणि मोरी तुंबलेली.
बरोब्बर, म्हणाल्या.

दुखलं नाही हो कधी.
दुखलं असतं तर आलो असतो.
आधी कडा गेल्या.
मांडवीची डावीकडची कमान
कितीतरी महिने मी पाहिलीच नव्हती,
आणि पाहत नाही, हेही दिसलं नव्हतं.
खंडेराव मार्केटपाशी एक स्कूटर
डावीकडून अचानक उगवली.
त्या पोराला मी आईबापासकट शिव्या घातल्या.
तो हॉर्न वाजवत आला होता म्हणे.

थेंब दोन वर्षं झाले.
रात्री नऊला हिरव्या बुचाचे, मग पाच मिनिटं थांबून पिवळ्या.
त्यांनी दाब थोडा उतरला
आणि पापण्या मात्र वाढल्या, लांब, काळ्याभोर,
बहात्तराव्या वर्षी!
मंदा म्हणते, बघायला आलात तेव्हा असत्या
तर मीही मान वर केली असती.

मार्चमध्ये लेझर. हिरवे ठिपके, चहा निवायच्या आत घरी.
सहा महिने पातळी खाली, मग पुन्हा वर.

आता सांडवा.
वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भिंतीत
एक छोटी झडप कापायची, पुरती बंद न करता टाके घालायचे.
पाणी झिरपून पडद्याखाली जमेल,
तिथून अंगात जिरेल.
तेही बुजलं तर नळी बसवू.
व्यास किती नळीचा?
कल्याणीने या वेळी ढोसणं सोडून दिलं.

गेलेलं परत येणार नाही, काका. उरलेलं राखायचं.
आणि जास्त उतरलं तरी घात,
डोळा सुकल्या तळ्यासारखा बसतो.
हे मला समजावावं लागलं नाही.

पण एक गोष्ट मात्र दांडिया बाजारापर्यंत पुरली.
बाकी ऑपरेशनांत जखम भरावी म्हणून आमची धडपड, त्या म्हणाल्या,
इथे ती भरू नये म्हणून.
शरीराला वाटतं कुणीतरी भोक पाडलं, ते धावतं बुजवायला.
आम्ही तिथे औषध लावतो,
जरा वेळ विसर म्हणून.

जन्मभर गळत्या बुजवल्या मी.
त्याचाच पगार, त्याचीच पेन्शन.
छगनभाई गेला त्या रात्रीही
पट्टी मीच वाचली, वही मीच भरली,
सकाळी शिफ्ट संपली तेव्हा डोळे कोरडे.

सूरसागराच्या कठड्यावर टेकलो.
मंदा नेहमीसारखी डावीकडे, शेंगांचा पुडा घेऊन.
मी मान वळवून वळवून पुडा शोधत होतो.
ती काही बोलली नाही,
पदर सावरत उठली, मागून फिरून
उजवीकडे येऊन बसली.

ऑपरेशन गुरुवारी.
जुनी वही काढलीय माळ्यावरून,
कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिलंय:
डावा, अठ्ठावीस. आवक चालू. जावक बंद.
सही केली. थोडी रेघेखाली गेली.